रॉय कॅम्पनेला: दहा हंगामांच्या अलीकडे-पलीकडे

माळरान

अमेरिकन बेसबॉलपटू रॉय कॅम्पनेलाच्या नावापुढे वर्षानुवर्षं दहाच हंगाम लिहिले गेले, १९४८ ते १९५७, सगळे ब्रुकलिन डॉजर्सकडून. त्यांत २४२ होम रन (चेंडू मैदानाबाहेर जाणारे फटके), सलग आठ वर्षं ऑल-स्टार संघात निवड, आणि १९५१, १९५३, १९५५ असा तीनदा नॅशनल लीगच्या (मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडूचा मान. आकडे मोठेच आहेत. पण त्याच्याबद्दल जसजसं वाचत गेलो तसतसं पटत गेलं की हा त्याच्या कारकिर्दीचा फक्त मधला भाग आहे. त्याआधी जवळपास दहा वर्षं तो व्यावसायिक कॅचर होताच, गोऱ्यांच्या मेजर लीगचं दार मात्र बंद होतं. आणि खेळणं संपल्यावरही त्याने कॅचरचं काम सोडलं नाही, व्हीलचेअरवर बसून ते दुसऱ्यांना शिकवलं. या दोन टोकांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडं. कॅचर म्हणजे यष्टीरक्षकाच्या जागी बसलेला माणूस, पण कप्तानाचं निम्मं काम त्याच्याकडे. त्या काळी प्रत्येक चेंडूआधी तो मांड्यांच्या आडून बोटांनी खूण करायचा: वेगवान टाक, वळणारा टाक, आत टाक, बाहेर टाक. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मान डोलावतो किंवा नकार देतो. मैदानावरचे बाकीचे आठ जण त्याच्या दिशेने तोंड करून उभे असतात, अख्खं मैदान समोरून दिसतं ते त्या एकट्याला. पिचर ६० फूट ६ इंचांवर. धावपटूने पहिल्या बेसवरून (धावण्याच्या मार्गातला थांबा) दुसऱ्यावर पळ काढला, म्हणजे बेस चोरू पाहिला, की उकिडवं बसलेल्या या माणसाने चेंडू घ्यायचा, उठायचं आणि १२७ फुटांहून लांब असलेल्या दुसऱ्या बेसवर अचूक पोचवायचा. हातात साधारण दोन सेकंद. कॅम्पनेलाच्या काळात चेंडू दोन्ही हातांनी घ्यायची पद्धत होती, त्यामुळे उघड्या उजव्या हाताची बोटं बॅटला चाटून आलेल्या चेंडूने फुटायची. त्या पिढीच्या कॅचरांची बोटं म्हातारपणी सरळ होत नसत.

कॅम्पनेलाचा जन्म १९ नोव्हेंबर १९२१, फिलाडेल्फिया. वडील इटालियन वंशाचे, फळं-भाजी विकणारे, आई कृष्णवर्णीय. १९३७ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो निग्रो लीगमधल्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधल्या, एलिट जायंट्स संघात आला. हा संघ तेव्हा वॉशिंग्टनचा होता, पुढच्या वर्षी बाल्टिमोरला गेला. तिथे त्याला बिझ मॅकी भेटला. मॅकी स्वतः कॅचर, संघाचा मॅनेजरही (म्हणजे मुख्य प्रशिक्षक), वय चाळिशीला टेकलेलं. त्याने या पोराला घडवलं: पाय कुठे ठेवायचे, चेंडू मिटमधून (कॅचरच्या जाड हातमोज्यातून) हातात कसा घ्यायचा, फेकताना हात कानाजवळून कसा आणायचा, पिचर घाबरला असेल तर त्याच्याशी काय बोलायचं. मॅकीला मेजर लीगमध्ये एक दिवसही खेळू दिलं गेलं नाही. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव लागलं २००६ मध्ये, मृत्यूनंतर चार दशकांनी.

निग्रो लीगचं जगणं म्हणजे बसचा प्रवास. रात्री बस, दुपारी सामना, संध्याकाळी दुसऱ्या गावात आणखी एक. एकाच दिवसात चार सामने कॅच केल्याची आठवण कॅम्पनेला सांगत असे. हिवाळ्यात कॅरिबियन बेटांवर. १९४२ मध्ये मालकाशी वाजलं तेव्हा तो मेक्सिकोत माँतेरेच्या संघाकडे गेला आणि पुढचा हंगामही तिथेच खेळला. तिथल्या पिचरांशी बोलायला स्पॅनिश शिकला. म्हणजे १९४८ मध्ये ब्रुकलिनला पहिला सामना खेळायला उतरलेला २६ वर्षांचा 'नवखा' दहा-अकरा वर्षं मुरलेला कारागीर होता.

डॉजर्सपर्यंतची वाटही सरळ नव्हती. ऑक्टोबर १९४५ मध्ये डॉजर्सचा कारभारी ब्रँच रिकीने त्याला बोलावलं. कॅम्पनेलाला वाटलं, रिकी कृष्णवर्णीयांचा वेगळा संघ काढतोय, त्यासाठीच विचारतोय. त्याने नकार दिला. काही दिवसांनी जॅकी रॉबिन्सनने (१९४७ मध्ये मेजर लीगचं दार कृष्णवर्णीयांना उघडलं ते त्याच्यापासून) त्याला डॉजर्सशी झालेल्या स्वतःच्या कराराबद्दल सांगितलं तेव्हा खरा प्रकार कळला. १९४६ मध्ये त्याला आणि डॉन न्यूकंब या कृष्णवर्णीय पिचरला डॉजर्सच्या कुठल्या दुय्यम संघात पाठवायचं हा प्रश्न होता. इलिनॉयमधल्या डॅनव्हिलच्या लीगने त्यांना घ्यायला नकार दिला. न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआने घेतलं. तिथे एका सामन्यात मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टनला पंचांनी बाहेर काढलं, आणि ऑल्स्टनने जाताना संघ कॅम्पनेलाच्या हाती दिला. गोऱ्या खेळाडूंच्या व्यावसायिक संघाचं मैदानावर नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्याने न्यूकंबला, म्हणजे एका पिचरला, ऐनवेळी बॅटिंगला पाठवलं. न्यूकंबने होम रन मारला.

त्याच गावातल्या एका कोंबडीपालकाने नॅशुआच्या खेळाडूंना प्रत्येक होम रनमागे शंभर पिल्लं द्यायचं कबूल केलं होतं. कॅम्पनेलाने आपली पिल्लं वडिलांकडे धाडली आणि वडिलांनी त्यावर कुक्कुटपालन सुरू केलं. ही गोष्ट मला फार आवडते. पुढे कितीही मान मिळाले तरी हा माणूस खेळाकडे कायम घर चालवायचं काम म्हणूनच बघत राहिला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

१९४८ च्या सुरुवातीला ब्रुकलिनला खेळल्यावर रिकीने त्याला मिनेसोटातल्या सेंट पॉलला पाठवलं, तिथली लीगही कृष्णवर्णीयांना खुली व्हावी म्हणून. कॅम्पनेलाला हे मुळीच आवडलं नाही. त्याला बेसबॉल खेळायचा होता. पण गेला, ३५ सामन्यांत १३ होम रन मारले आणि जुलैत ब्रुकलिनला परतला तो कायमचा. तो आल्यामुळे कॅचर गिल हॉजेसला पहिल्या बेसवर जावं लागलं, आणि तिथे हॉजेसही मोठा झाला.

१९५३ हा त्याचा सर्वांत मोठा हंगाम: ४१ होम रन, संघाला १४२ धावा मिळवून दिल्या, फलंदाजीची सरासरी .३१२ (दर हजार संधींत ३१२ यशस्वी फटके). पण मला १९५४ आणि १९५५ जास्त महत्त्वाचे वाटतात. १९५४ मध्ये डाव्या हाताला दुखापत झाली, नस दुखावली, शस्त्रक्रिया झाली, सरासरी .२०७ वर आली. पुढच्याच वर्षी .३१८, ३२ होम रन, आणि ब्रुकलिनने इतिहासातली एकमेव वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली.

२८ जानेवारी १९५८ च्या पहाटे हार्लेममधलं आपलं दारूचं दुकान बंद करून तो लाँग आयलंडवरच्या ग्लेन कोव्हला घरी चालला होता. रस्त्यावर बर्फ होतं. भाड्याची गाडी घसरली, खांबाला आदळून उलटली. मानेचे मणके तुटले. तो ३६ वर्षांचा होता. डॉजर्स त्याच वसंतात लॉस एंजेलिसला गेले, त्याच्याशिवाय.

---

गल्लीक्रिकेट

सुंदर धागा. एक शंका. कॅम्पनेलाने बेस चोरणाऱ्यांपैकी ५७ टक्के धावपटू बाद केले असं वाचलंय. हा आकडा कितपत मोठा?

---

माळरान

फार मोठा. निम्मे धावपटू अडवणारा कॅचर उत्तम समजला जातो. संपूर्ण कारकिर्दीत ५७ टक्क्यांच्या वर राहिलेला दुसरा कॅचर मेजर लीगच्या नोंदींत नाही. हेही खरं की १९५० च्या दशकात संघ बेस कमी चोरायचे, होम रनची वाट बघत बसायचे, आणि धावपटूला जखडून ठेवणं हे निम्मं पिचरचं काम असतं. तरीही सगळं वजा केल्यावर त्याचे पाय आणि हात उरतातच. कॅम्पनेला बुटका आणि आडव्या अंगाचा. बघणाऱ्याला जड वाटे, पण चेंडू मिटमध्ये पडला की हातातून सुटायला वेळ लागत नसे. हे मॅकीचं शिक्षण.

---

शेवटचीलोकल

लेख आवडला, पण एक बाजू राहिली असं वाटतं. जॅकी रॉबिन्सन आणि कॅम्पनेला यांचं पुढे पटत नव्हतं. रॉबिन्सन अन्यायावर उघड बोलायचा, भांडायचा. कॅम्पनेला गप्प राहायचा, जे मिळालंय त्याबद्दल कृतज्ञ राहा म्हणायचा. रॉबिन्सनला ते खटकत असे, आणि मलाही खटकतं. इतका मोठा खेळाडू बोलला असता तर त्याला वजन होतं. सेंट पॉलला जातानाही त्याने 'हे माझं काम नाही' अशीच भूमिका घेतली होती ना?

---

माळरान

शेवटचीलोकल, मुद्दा रास्त आहे आणि मी तो टाळू इच्छित नाही. दोघांची माती वेगळी होती. रॉबिन्सन विद्यापीठात शिकलेला, लष्करात अधिकारी होता. कॅम्पनेला पंधराव्या वर्षापासून कमावत होता. निग्रो लीगच्या बसमधून आलेल्या माणसाला ब्रुकलिनचा पगार, स्वतःचं घर, स्वतःचं दुकान हे काय वाटलं असेल, ते रॉबिन्सनच्या मापाने मोजणं मला योग्य वाटत नाही.

पण माझं मुख्य उत्तर कॅचरच्या कामातच आहे. डॉजर्सचा प्रीचर रो हा पिचर आर्कान्सचा, म्हणजे दक्षिणेतला. १९५१ मध्ये त्याने २२ सामने जिंकले आणि फक्त ३ हरले. त्या हंगामात त्याला कुठला चेंडू टाकायचा याच्या खुणा देणारा, चुकलं की उठून त्याच्याजवळ जाऊन समजावणारा माणूस कॅम्पनेला. दक्षिणेत कृष्णवर्णीयाला बसमध्ये पुढच्या बाकावर बसायची मुभा नव्हती तेव्हाची ही गोष्ट. हजारो लोकांसमोर, रोज, एक कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या माणसाला काय करायचं ते सांगतोय, आणि गोरा मान डोलावतोय. रॉबिन्सन दुसऱ्या बेसवरून हे करू शकत नव्हता. कॅचरच करू शकतो. कॅम्पनेला त्यावर भाषण करत नसे, पण त्या दहा हंगामांत ते किती वेळा घडलं असेल याचा विचार करा.

---

शेवटचीलोकल

ही बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. रॉबिन्सनच्या बोलण्याची गरज होती या मतावर मी ठाम आहे, पण कॅम्पनेलाला गप्प म्हणताना आता विचार करीन.

---

दवबिंदू

याला जोडून. १९४९ चा ऑल-स्टार सामना ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर झाला, आणि त्यात पहिल्यांदाच कृष्णवर्णीय खेळाडू होते: रॉबिन्सन, कॅम्पनेला, न्यूकंब आणि अमेरिकन लीगकडून लॅरी डोबी. चारपैकी तीन एकाच संघातले.

माळरान, नॅशुआच्या प्रसंगावर थोडं आणखी लिहा ना. कॅचर पुढे मॅनेजर होतात हे बेसबॉलमध्ये नेहमीचंच. न्यूयॉर्क यांकीजचा कॅचर योगी बेरा झाला. मग कॅम्पनेला झाला असता का?

---

माळरान

कुवत नक्की होती, १९४६ मध्येच ऑल्स्टनला ती दिसली. पण मेजर लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर मैदानात दिसला १९७५ मध्ये, क्लीव्हलंडचा फ्रँक रॉबिन्सन. कॅम्पनेलाचा अपघात झाला नसता तरी १९६० च्या दशकात त्याला ते पद कोणी दिलं असतं असं मला वाटत नाही. बेरा मात्र १९६४ मध्येच यांकीजचा मॅनेजर होता. गंमत अशी की १९५१ आणि १९५५ या दोन्ही वर्षी दोन्ही लीगचे सर्वोत्तम खेळाडू हे दोघंच होते, दोघंही कॅचर, एकाच शहरातले, वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर येणारे. नंतरच्या वाटा किती वेगळ्या झाल्या.

---

परसबाग

मी लॉस एंजेलिसजवळ राहते, म्हणून कलोझियमबद्दल लिहिते. डॉजर्स इथे आले तेव्हा त्यांचं स्वतःचं मैदान तयार नव्हतं. ऑलिंपिकसाठी वापरलेल्या कलोझियममध्ये कसंबसं बेसबॉलचं मैदान बसवलं होतं. डावीकडची भिंत फक्त २५१ फुटांवर आली, म्हणून तिच्यावर ४२ फूट उंच जाळी लावली. कॅम्पनेला उजव्या हाताने बॅटिंग करणारा, चेंडू डावीकडे उचलून मारणारा. ते मैदान जणू त्याच्यासाठीच होतं, आणि तिथे तो एकदाही बॅट घेऊन उभा राहिला नाही.

७ मे १९५९ ला तिथे त्याच्या सन्मानार्थ यांकीजविरुद्ध प्रदर्शनी सामना झाला. उपस्थिती ९३,१०३. ब्रुकलिनचा जुना सहकारी पी वी रीसने त्याची व्हीलचेअर ढकलत मैदानात आणली. दिवे घालवले आणि लोकांनी काड्या पेटवल्या. या शहराने त्याला आपल्या संघाच्या कपड्यांत खेळताना कधीच पाहिलं नव्हतं, तरी इतके लोक आले. त्या रात्री डॉजर्सकडून पिचिंग सँडी कूफॅक्सने केलं, सामना यांकीजने ६-२ जिंकला.

---

माळरान

परसबाग, मनापासून आभार. त्या रात्रीची आणखी एक गोष्ट: म्हातारा बिझ मॅकीही तिथे होता आणि प्रेक्षकांना त्याची ओळख करून दिली गेली. ज्या लीगने मॅकीला खेळू दिलं नाही, तिच्या मैदानात नव्वद हजारांसमोर त्याच्या शिष्याने त्याला मान मिळवून दिला.

---

ताकभात

मी फिजिओथेरपीत आहे, म्हणून या भागावर लिहिते. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांपाशी मज्जारज्जूला इजा झाली की खांदे आणि कोपर वाकवणारे स्नायू थोडेफार काम करतात, पण बोटांची पकड जाते, धड आणि पाय जातात. छातीचे स्नायू गेल्यामुळे खोकता येत नाही, साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. त्वचेवर दाबाच्या जखमा, मूत्रमार्गाचे संसर्ग, हे रोजचं युद्ध. १९५८ मध्ये अशा रुग्णाला डॉक्टर फार वर्षं देत नसत. कॅम्पनेला २६ जून १९९३ ला गेला, म्हणजे ३५ वर्षांनी. यात न्यूयॉर्कच्या डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेचा वाटा मोठा. रस्क यांनी महायुद्धातल्या जखमींवर काम केलं होतं, आणि वाचलेल्या माणसाला पुन्हा जगायला शिकवणं हाही उपचारच आहे हे त्यांनी वैद्यकाला पटवलं. जिचा उजवा हात चेंडू फेकण्यासाठी प्रसिद्ध होता त्या व्यक्तीला चमचा पट्टीने हाताला बांधून घास तोंडापर्यंत न्यायला शिकावं लागतं. रोज कित्येक तास. माझ्या रुग्णांना मी हे आता सांगणार आहे.

---

गल्लीक्रिकेट

ताकभात, अंगावर काटा आला.

माळरान, १९५५ च्या शेवटच्या सामन्याबद्दल लिहाल का? ती एकमेव वर्ल्ड सिरीज म्हणताय, तर त्यात कॅचर म्हणून त्याने काय केलं?

---

माळरान

४ ऑक्टोबर १९५५, यांकी स्टेडियम, सातवा सामना. त्याआधी डॉजर्स यांकीजकडून वर्ल्ड सिरीज पाच वेळा हरले होते, त्यातल्या तीन कॅम्पनेलाने स्वतः खेळल्या होत्या. पिचर जॉनी पोड्रेस, वय नुकतंच २३. सामन्याच्या नऊ डावांपैकी चौथ्यात कॅम्पनेलाने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला आणि हॉजेसच्या फटक्यावर पहिली धाव त्यानेच पूर्ण केली. शेवटचा निकाल २-०.

पण तुमचा प्रश्न कॅचिंगचा आहे. २३ वर्षांच्या पोराने यांकीजना त्यांच्याच मैदानात नऊ डाव शून्यावर ठेवलं, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चेंडू कॅम्पनेलाने मागितलेला होता. पोड्रेसने नंतर सांगितलं की संपूर्ण सामन्यात त्याने कॅम्पनेलाची खूण एकदाच नाकारली, अगदी शेवटच्या फलंदाजाला. कॅम्पनेलाला वेगवान चेंडू हवा होता, पोड्रेसने मंद टाकला. एल्स्टन हॉवर्डने तो जमिनीवर मारला, रीसने उचलून हॉजेसकडे फेकला, सिरीज संपली. मला यात कॅम्पनेलाचं मोठेपण दिसतं. आठ डाव त्याने पोराला इतका सांभाळला की नवव्यात ते पोर स्वतःच्या मनाने टाकायला धजावलं. चांगला कॅचर पिचरला शेवटी इथवरच आणतो.

आणि हॉवर्डही कॅचरच, यांकीजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, त्याच वर्षी संघात आलेला.

---

दवबिंदू

जॉश गिब्सनचा उल्लेख या धाग्यात हवाच. कॅम्पनेला स्वतः त्याला सगळ्यांत मोठा मानायचा. तोही कॅचर, निग्रो लीगमधला सर्वांत जबर फटकेबाज. २० जानेवारी १९४७ ला ३५ व्या वर्षी वारला, रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरायच्या तीन महिने आधी. २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ च्या निग्रो लीगना मेजर दर्जा दिला, आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. तेव्हापासून कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन सगळ्यांच्या वर आहे, .३७२. माळरान यांनी धाग्याच्या सुरुवातीला सांगितलेली, दार बंद असतानाची वर्षं आता थोडी तरी मोजली जातात.

---

माळरान

+१. गिब्सनपेक्षा कॅम्पनेला दहा वर्षांनी लहान होता, एवढाच फरक.

---

शेवटचीलोकल

शेवटच्या टोकाबद्दल तुम्ही अजून लिहिलं नाहीत. व्हीलचेअरवरून कॅचिंग शिकवलं म्हणजे काय?

---

माळरान

अपघातानंतर डॉजर्सने त्याच्याशी नातं तोडलं नाही. फ्लोरिडात व्हेरो बीचला संघाचा वसंतातला सराव चाले, तिथे तो व्हीलचेअरवर मैदानाच्या कडेला बसे आणि तरुण कॅचर भोवती जमत. १९६९ मध्ये हॉल ऑफ फेम, १९७२ मध्ये त्याचा ३९ क्रमांक रॉबिन्सनच्या ४२ आणि कूफॅक्सच्या ३२ सोबत निवृत्त झाला. १९७८ मध्ये तो कॅलिफोर्नियाला राहायला आला आणि डॉजर्ससाठी काम करू लागला, जुना सोबती न्यूकंबही तिथेच होता.

त्याच्याकडून शिकलेल्यांत माइक सिओशिया आहे. तोही फिलाडेल्फियाच्या बाजूचा, इटालियन वंशाचा. हातांत पकड नसताना कॅचिंग शिकवायचं तर प्रात्यक्षिक अशक्य, सगळं शब्दांतून आणि निरीक्षणातून. फलंदाजाचे पाय बघ, मागच्या चेंडूवर त्याने काय केलं ते आठव, पिचरचा आज कुठला चेंडू चालतोय ते पहिल्याच डावात ओळख. मॅकीने त्याला बसमध्ये आणि मैदानावर जे दिलं होतं तेच. सिओशिया १९८१ आणि १९८८ च्या विजेत्या डॉजर्सचा कॅचर होता, आणि २००२ मध्ये मॅनेजर म्हणून त्याने एंजल्स संघाला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली.